आठ मिनिटांचं पाणी

शामराव लांजेवार यांनी एकवीस वर्षं इंजिनांना पाणी पाजलं. भरलं असं ते म्हणत नसत, पाजलं म्हणत. कुणी भरलं म्हटलं की थांबून त्याला दुरुस्त करत, मग तो स्टेशनमास्तर का असेना.

तेव्हा रायपूरहून धमतरीकडे छोटी लाईन होती. रूळ अडीच फुटांचे, डबे लहान, इंजिनही लहान, आणि वेग असा की धान कापणारी बाई डब्यातल्या ओळखीच्या माणसाला घरची खुशाली विचारी आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत डबा तिच्या समोरच असे. त्या लाईनीवर, अभनपूरच्या जवळ, कोसमडीह नावाचं आमचं स्टेशन. एक खोली, एक बाक, एक कडुनिंब. पण रायपूरकडचं पाणी चुनखडीचं. ते उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो, तसा इंजिनाच्या पोटातही धरतो. कोसमडीहच्या विहिरीचं पाणी मऊ होतं, त्यात डाळ लवकर शिजे. म्हणून जुन्या साहेबांनी इथं पंपघर बांधलं, विहिरीचं पाणी उंच लोखंडी टाकीत चढवलं आणि रुळाशेजारी ओतीव लोखंडाचा एक खांब उभा केला. खांबाला वर आडवा, फिरणारा हात. हाताच्या टोकाला चामड्याची लांब पिशवी. इंजिन येऊन उभं राहिलं की तो हात फिरवायचा, पिशवी इंजिनामागच्या टाकीत सोडायची आणि खालचं चाक उघडायचं. रेल्वेच्या कागदांत त्याला वॉटर कॉलम म्हणत. गावात सगळे सोंड म्हणत.

वेळापत्रकात पाण्यासाठी आठ मिनिटं होती. शामराव चाकाचे चौदा फेरे उघडत आणि मग खांबापासून कडुनिंबापर्यंत चालायला लागत. जाऊन येऊन बावीस खेपा झाल्या की आठ मिनिटं होत. घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही. एका साहेबानं एकदा खिशातलं घड्याळ काढून ताडून पाहिलं, तेव्हा फरक निघाला पाच-सहा सेकंदांचा, आणि शामराव म्हणाले, "साहेब, घड्याळ दुरुस्तीले द्या."

असा माणूस होता. ताठ. अंगावर खाकी सदरा, त्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, आणि बोटं कायम एरंडेल तेलाची. कारण चाकाच्या खाली, जमिनीत, पाणी सोडणारा-अडवणारा जो व्हॉल होता त्याच्या तबकडीला चामड्याचा गोल वायसर लागे. तो झिजला की सोंड बंद असतानाही ठिबकत राही. भांडारातून आलेला वायसर तीन महिने टिकायचा. शामरावांनी स्वतः कापलेला वर्ष काढायचा. म्हशीच्या जाड कातड्याच्या जुन्या चपला ते जपून ठेवत, तळ आठ दिवस एरंडेलात भिजवत, मग कानशीच्या पात्यानं गोल कापत. "भांडाराचं चामडं बकरीचं आहे बाप्पा," ते म्हणत. "त्यानं तबला मढवा."

त्या लाईनीवर बाबाराव गिरडकर नावाचे ड्रायव्हर होते. शामराव भंडाऱ्याकडचे, बाबाराव तुमसरकडचे. परमुलखात एवढं नातं पुरे होतं. बाबाराव उंच, हसरे, आवाज इंजिनाला ऐकू जावा असा. गाडी कोसमडीहात शिरायच्या आधीच ते खाली वाकून ओरडत, "अबे शाम्या, तहान लागली!" आणि शामराव चाकाशी उभे राहून म्हणत, "तुले की इंजिनाले?"

बाबारावांचं लग्न झालं आणि कुमुद रायपुरात ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन खोल्यांत आली. तिला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, ती ताट घेऊन कुणाच्याही नावानं न ओवाळता रडत बसली, तर बाबारावांनी सकाळच्या गाडीनं कोसमडीह गाठलं, पंपघरातून शामरावांना हाताला धरून उठवलं, तसंच तेलकट सदऱ्यात रायपूरला आणलं आणि पाटावर बसवलं. "घे," कुमुदला म्हणाले, "भाऊ आणला. जरासा गळका आहे, पण चालन." त्या दिवसापासून शामराव तिचे भाऊ झाले. शामरावांनाही बहीण नव्हती. दर भाऊबीजेला ते धुतलेल्या सदऱ्यात ब्राह्मणपाऱ्यात जात, पाटावर बसत, आणि कुमुद त्यांना ओवाळी.

अठ्ठ्याहत्तर साली, धान निघाल्यानंतरच्या दिवसांत, एका दुपारी धमतरीकडून मालाचे जादा डबे लावलेली गाडी कोसमडीहात उशिरा आली. इंजिनावर बाबाराव. सोबत फायरमन नवा, त्याचा तो पहिलाच आठवडा. शामरावांनी चौदा फेरे उघडले, बावीस खेपा चालले, चाक बंद केलं. गाडी रायपूरकडे निघाली. पुढच्या लांब चढावर इंजिनाचं पाणी संपलं. बॉयलरमधलं पाणी एका हद्दीखाली उतरलं की भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूच वितळतं आणि वाफ खाली विस्तवावर येते. ते बॉयलर फुटू नये म्हणूनच ठेवलेलं असतं. पण समोर जो उभा असतो त्याला ती वाफ ओळखत नाही. फायरमनचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. इंजिनाची भट्टी कायमची गेली. माणसं डबे सोडून रुळावरून पायी रायपूरला गेली.

चौकशी बसली. बाबारावांनी सांगितलं, "सोंडेनं पाणी कमी दिलं. माझी टाकी अर्धी बी भरली नव्हती. मी शामरावले आणखी दोन मिनिटं मागितली, तो म्हणाला भरली आहे, निघ." शामरावांनी सांगितलं, "चौदा फेरे उघडले. आठ मिनिटं पाणी दिलं. दोन मिनिटं कुणी मागितली नाहीत." फायरमन दवाखान्यातून म्हणाला, पाण्याच्या आवाजात खालचं बोलणं मला ऐकू आलं नाही, आणि भरलेली टाकी कशी दिसते ते मला अजून माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी स्वतः सोंड उघडून पाहिली. धबधबा पडला. दुसऱ्या इंजिनाची रिकामी टाकी सात मिनिटांत काठोकाठ भरली.

मग काय राहिलं? बाबाराव खोटं बोलतात, एवढंच राहिलं. पूर्वी होळीला ते कधीमधी दारू घेत, ही गोष्ट कुणीतरी काढली. त्यांची नोकरी गेली.

कुमुदनं पुढच्या भाऊबीजेला शामरावांना ओवाळलं, तोंडात साखर घातली आणि निरांजन खाली ठेवायच्या आधी विचारलं, "भाऊ, एक खरं सांगा. त्यांनी तुम्हाले दोन मिनिटं मागितली होती का?"

"नाई, बाई," शामराव म्हणाले.

तिनं आणखी काही विचारलं नाही. मुलगा गौतम जन्मला तेव्हा बाबारावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली होती. जो माणूस पाण्याचं खोटं सांगतो त्याची ती शपथही खोटी असणार, हे तिनं मनाशी धरलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नाही. घर सोडलं नाही, स्वयंपाक सोडला नाही. ताट वाढून ठेवी आणि आतल्या खोलीत जाई. काही सांगायचं झालं तर गौतमच्या तोंडून सांगे. बाबारावांना बीरगावच्या एका कारखान्यात फाटकावर काम मिळालं. सायकलीवर डबा लावून जात, येत. अकरा वर्षं असं चाललं आणि एका उन्हाळ्यात ते वारले. शामराव तेरा दिवस तिथं राहिले, सगळं केलं, मडकं आणण्यापासून पत्रावळी उचलण्यापर्यंत.

पुढं डिझेल आलं. सोंडेला काम राहिलं नाही. शामराव स्टेशनवरच हलक्या कामावर राहून निवृत्त झाले आणि आमच्या शेताला लागून घर बांधून राहिले. त्यांची पोरगी लग्न होऊन दूर नांदत होती आणि बायकोलाही जाऊन वर्षं झाली होती. नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं, चौकाचौकांत कमानी लागल्या, शेतांच्या मधून चार पदरी रस्ते निघाले, गौतम मंत्रालयात लागला आणि त्याला नव्या रायपुरात सरकारी फ्लॅट मिळाला. कुमुद मात्र ब्राह्मणपाऱ्यातून हलली नाही. एकही भाऊबीज चुकली नाही. चाळीस वर्षं शामराव त्या पाटावर बसत राहिले.

मग छोटी लाईन उखडायला घेतली. शहराकडची आधीच गेली होती, तिच्यावर रस्ता झाला. आता आमच्याकडचे रूळ निघू लागले. शामराव रोज सकाळी न्याहारी करून काठी टेकत स्टेशनवर जात आणि कडुनिंबाखाली बसून बघत. पंपघर एका दिवसात गेलं. टाकी दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी बीरगावचे गॅसकटरवाले सोंडेपाशी आले. मी शेतातून परतत होतो, म्हणून तिथं होतो.

खांब आडवा पाडला. मग जमिनीतला खालचा भाग जेसीबीनं वर काढला. व्हॉलच्या पुढं पाइप जिथं वर वळतो तिथं, वळणाच्या खाली, गाळ साचायला एक पोकळ बोंड असतं. ते कापलं तेव्हा आतून काळा, ओला गाळ पडला आणि गाळात काहीतरी गोल. कापणाऱ्यानं ते काठीनं उचललं.

"बबा, ये का हे? काखरो पनही हरे का?" कुणाची चप्पल आहे का, असं त्यानं हसत विचारलं.

दुसरा म्हणाला, "हव, इंजन के पनही."

शामरावांनी ते हातात घेतलं. सदऱ्याच्या टोकानं पुसलं. चामडं काळं, फुगलेलं, पण अख्खं. चिखलात हवा लागत नाही म्हणून ते राहिलं असावं. गोल कापलेलं, कडेनं कानशीच्या पात्याचे बारीक दात उमटलेले. आणि मधे भोक. मधोमध नव्हे, बोटभर बाजूला. चपलेचा अंगठा ज्या भोकातून ओवतात ते भोक.

त्यांनी करंगळी त्या भोकात घालून पाहिली. मग मला म्हणाले, "हे माझं आहे."

दुपारभर त्यांनी ते मांडीवर ठेवून मला सगळं सांगितलं. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास त्यांनी नवा वायसर बसवला होता. मधोमध नवं भोक पाडायला पोगर लागते, ती कुणीतरी नेली होती. चपलेचं भोक आयतं होतं. थोडं बाजूला होतं, थोडं मोठं होतं. बोल्ट ढिला बसला. चालून जाईल, असं त्यांना वाटलं. शामराव लांजेवारांच्या हातचा वायसर, न चालून जातो कुठं? त्या दुपारी पाण्याच्या जोरानं तो तबकडीवरून निघाला, पुढं गेला आणि पाइपच्या वळणात अडकला. पाणी कडेकडेनं गेलं, अर्धंमुर्धं. चाक बंद केल्यावर तो सुटून खाली पडला, गाळाच्या बोंडात जाऊन बसला आणि तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सोंड उघडली तेव्हा वाट मोकळी होती.

"तुम्हाले तेव्हा कळलं नाही?" मी विचारलं.

"सोंड जराशी ठिबकत होतीच, आठ दिवसांनी धार लागली," ते म्हणाले. "व्हॉल खोलला तं तबकडीवर चामडं नव्हतं. मी म्हटलं, झिजून तुकडे तुकडे होऊन वाहून गेलं असन. दुसरं लावलं. मंग कधी त्याचा विचार नाई केला." चामडं उलटं करून म्हणाले, "करू देल्ला नाई मी मले."

चामडं अख्खं होतं. आता तसं म्हणायला जागा नव्हती.

त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती: कुमुदला सांगायचं की नाही. ते पंचाहत्तरीचे, ती अडुसष्ट वर्षांची. बाबारावांना जाऊन तीस वर्षं होत आली. सांगितलं तर शामरावांचं जवळचं उरलेलं एकुलतं माणूस जाणार. न सांगितलं तर आठ दिवसांनी भाऊबीज होती आणि पाटावर जाऊन बसायचं होतं. मी म्हटलं, "काका, राहू द्या. तिनं तिचं आयुष्य काढलं." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी उठलो. दोन दिवस त्यांनी चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून, गळ्याची गुंडी लावून ते आमच्या दारात उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात बांधलेली पुडी. "गाडी काढ," म्हणाले. "ब्राह्मणपारा."

कुमुदबाई ओट्यावर लाल भाजी निवडत बसल्या होत्या. पांढरे केस, लहानसा अंबाडा, चष्म्याला मागून दोरी. आम्हाला बघून हसल्या.

"अग्गोबाई, भाऊ! भाऊबीजेले अजून पाच दिवस आहेत. घाई झाली का ओवाळून घ्यायची?" मग माझ्याकडे बघून, "या भैया, बसा. यांना काही होऊन राहिलं का? चेहरा कसा दिसते."

"बाई, तुले एक सांगाचं आहे," शामराव म्हणाले. ते ओट्यावर बसले नाहीत. खाली पायरीवर बसले.

"सांगा ना."

त्यांनी पुडी सोडली आणि चामडं तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय? चप्पल?"

"माझी होती. तिचा वायसर केला होता मी. सोंडेतून निघाला."

त्यांनी सांगितलं. सगळं, त्याच क्रमानं, जसं मला सांगितलं होतं. चपलेचं भोक, ढिला बोल्ट, पाइपचं वळण. आवाज एकसारखा होता. कुमुदबाई भाजी निवडत ऐकत होत्या. मला नंतर दिसलं की त्या निवडलेली पानं परत काड्यांतच टाकत होत्या.

"म्हणजे पाणी कमी होतं," त्या म्हणाल्या.

"कमी होतं."

"किती?"

"अर्धं असन. अर्ध्याहून बी कमी."

"ते बी अर्धंच म्हणत होते."

गल्लीतून एक स्कूटर गेली. समोरच्या मंदिराच्या पायऱ्यांवर कुणी बादलीनं पाणी ओतून झाडत होतं. कुमुदबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला नाही.

"हे तुम्हाले माहीत नव्हतं, भाऊ. लोखंडाच्या आतलं माणसाले कसं दिसन? तुमची चूक नाही त्यात. चामडं कोणाचं बी निघते." त्यांनी एवढं म्हटलं तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलं. पण शामरावांनी मान वर केली नाही.

त्या बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि दोन मिनिटं?"

शामराव पुडीच्या कागदाची घडी घालू लागले.

"भाऊ. मी विचारून राहिली. त्यांनी दोन मिनिटं मागितली होती का?"

"मागितली होती."

"काय म्हणाले होते?"

"बाई..."

"काय म्हणाले होते ते सांगा. त्यांचे शब्द सांगा. मी त्यांना सांगू नाही देल्लं कधी."

शामरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "खिडकीतून वाकला. म्हणाला, शाम्या, टाकी भरली नाही रे, आणखी दोन मिनिटं सोड. गाडीले आधीच उशीर होता. माझ्या पाण्याले कोणी कमी म्हटलं तं मले राग येत होता. मी म्हटलं, माझं पाणी पूर्ण आहे, तुझी टाकी फुटकी असन, निघ. तं तो हसला. हसला आणि म्हणाला, तू म्हणतो तं भरली असन."

"आणि निघाले."

"निघाला."

"मंग चौकशीत काहून नाही सांगितलं?"

"मले खरंच वाटत होतं, पाणी पूर्ण होतं. पाणी पूर्ण होतं तं त्यानं मागितलं काय, नाही मागितलं काय. पण ते सांगितलं असतं तं साहेब म्हणाले असते, मागितलं तं दिलं काहून नाही. माझ्यावर आलं असतं. माझी पोरगी लहान होती."

"साहेबाले नाही सांगितलं, समजली. मी साहेब होती का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "पाटावर बसले होते तुम्ही. मी ओवाळलं होतं. निरांजन माझ्या हातात होतं."

शामरावांनी गळ्याची गुंडी सोडली.

"अकरा वर्षं," कुमुदबाई म्हणाल्या, पण आता त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. "कारखान्यातून यायचे, सायकल लावायचे, डबा ओट्यावर ठेवायचे. सुरुवातीले बोलायचे. कुमुद, आज असं झालं, कुमुद, आज तसं झालं. मी भिंतीकडे बघायची. मंग त्यांनी बी सोडलं. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. 'कुमुद.' एवढीच. मी आत कणीक मळत होती. मी गौतमले म्हटलं, जा, विचार काय पाहिजे. तो विचारून आला. म्हणे, काही नाही म्हणाले." त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं मला काही माहीत असावं. "काही नाही कसं असन, भैया? हाक मारली होती ना?"

मी शेतकरी माणूस. मी समोरच्या मंदिराकडे बघितलं.

शामरावांनी हात पुढं केला, चामडं उचलायला. "राहू द्या ते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काहून सांगितलं, भाऊ? चाळीस वर्षं नाही सांगितलं, आता काहून? मी मरायलेच बसली होती. मरू द्यायचं असतं ना मले तसंच." आणि मला म्हणाल्या, "यांना घेऊन जा तुम्ही."

त्या आत गेल्या. भाजीची परात ओट्यावर तशीच होती.

भाऊबीजेला शामराव दाढी करून, सदरा घालून आपल्या ओट्यावर बसून राहिले. बोलावल्याशिवाय जाणं बरं नाही, म्हणाले. बोलावणं आलं नाही. नंतर त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, की अमुक सालच्या चौकशीत आपण खोटी जबानी दिली आणि ड्रायव्हर गिरडकर निर्दोष होते, तरी तशी नोंद व्हावी. तो घेऊन आम्ही रायपूरच्या रेल्वे ऑफिसात गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला, शामरावांना खुर्ची दिली, चहा मागवला. "बाबा, वो लाइन ही नहीं रही," तो म्हणाला. "इंजन नहीं, ड्राइवर नहीं. मैं ये किस फाइल में लगाऊँ?" शेवटी त्यानं अर्जावर शिक्का मारला आणि एक प्रत परत दिली. ती प्रत शामरावांनी पोस्टानं ब्राह्मणपाऱ्यात पाठवली. तिचंही उत्तर आलं नाही.

पौषात, एका रविवारी, गौतम कारनं कोसमडीहला आला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पोट सुटलेलं, गळ्यात मंत्रालयाचं ओळखपत्र रविवारीही तसंच. मराठी समजते त्याला, बोलतो हिंदीत. शामरावांच्या पायांना हात लावून तो बाजेवर बसला आणि बराच वेळ बूट बघत राहिला.

"मामा, मुझे नहीं मालूम आपने ठीक किया कि गलत किया," तो म्हणाला. "मैं तो बाबा को झूठा ही समझता था. स्कूल में लड़के चिढ़ाते थे, मैं घर आकर बाबा से लड़ता था. वो कुछ नहीं बोलते थे."

"तुह्या बापानं खोटं नाही सांगितलं कधी," शामराव म्हणाले.

"हाँ. वो अर्जी मैंने पढ़ी." त्यानं डोळे पुसले. "आई की बात करने आया हूँ. आई दिनभर बाबा से बात करती है."

शामरावांना समजलं नाही. "म्हणजे?"

"मतलब बात करती है. ज़ोर से. सुबह उठते ही शुरू. आज टमाटर महँगे थे, नहीं लिए. सामने वाली की बहू मायके चली गई. टोपी खूँटी पर टाँगो, पलंग पर मत फेंको. बीच में रुकती है, जैसे उधर से जवाब आ रहा है, फिर बोलती है. हँसती भी है. मैंने फ्लैट पर ले जाना चाहा तो बोली, ये कारखाने से लौटेंगे तो घर बंद मिलेगा. डॉक्टर ने गोली दी है. गोली खाती है, उसके बाद भी बोलती है."

शामराव मान खाली घालून ऐकत होते. बाहेर, जिथं रूळ होते तिथं, आता मुरमाची लांब पट्टी उरली होती आणि तिच्यावरून दोन बायका गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या.

"गोळ्या बंद कर," ते म्हणाले. "बोलू दे तिले. अकरा वर्षांचं आहे, वेळ लागन."

"हाँ, मामा."

"माझं नाव घेते का?"

गौतमनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"नहीं, मामा."

"बरोबर आहे," शामराव म्हणाले, आणि काठी घेऊन गौतमच्या गाडीसाठी कुंपणाचं फाटक उघडायला उठले.